मणक्यावरचा हात आणि पडद्यावरचा आलेख

रुग्ण पालथा झोपलेला आहे. छातीला पट्टा किंवा बोटाला सेन्सर लावला आहे. थेरपिस्ट पाठीच्या मधोमध दोन्ही हात टेकवतो, श्वास सोडायला सांगतो आणि एक झटका देतो. 'कट्' असा आवाज येतो. दहा मिनिटांनी पडद्यावर दोन आलेख शेजारीशेजारी उमटतात, एक आधीचा आणि एक नंतरचा. नंतरचा आलेख ठळक हिरवा असतो. "बघा, तुमची स्वायत्त मज्जासंस्था संतुलनात आली," असं रुग्णाला सांगितलं जातं. ही संस्था म्हणजे हृदयाचे ठोके, घाम, पचन अशी आपोआप चालणारी कामं सांभाळणारं मज्जातंतूंचं जाळं. मग त्या एका वाक्याच्या आधारावर पुढची यादी येते: रक्तदाब, दमा, पित्त, झोप, पाळीच्या तक्रारी, तान्ह्या बाळाचं पोट दुखून रडणं.

मणक्यांवरच्या हस्तोपचाराने स्वायत्त मज्जासंस्थेत काहीतरी हालचाल होते, हे नाकारण्याचं कारण नाही. ती मोजली गेली आहे. पण जे भरवशाने मोजलं गेलंय ते थोड्या वेळाचं आहे, बहुतांशी तळहाता-तळपायाच्या त्वचेवर टिपलेलं आहे आणि जाहिरातीत सांगतात त्याच्या नेमक्या उलट दिशेचं आहे. एवढ्या भांडवलावर अवयवांचे आजार बरे करण्याचा दावा करायला मनाई असावी आणि तो आधी-नंतरचा आलेख रुग्णापुढे पुरावा म्हणून ठेवणं थांबावं, असं आमचं मत आहे. पाठदुखी किंवा मानदुखीसाठी मणक्यांवर हात लावायला आमचा विरोध नाही. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा पुरावाही वेगळा आहे.

सुरुवात शरीररचनेपासून करू, कारण बरेचसे दावे तिथेच अडखळतात. सिम्पथेटिक, म्हणजे शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या यंत्रणेचे तंतू मज्जारज्जूतून बाहेर पडतात ते छातीच्या पहिल्या खंडापासून कंबरेच्या दुसऱ्या खंडापर्यंत. मानेच्या खंडांतून त्यांचा एकही तंतू थेट निघत नाही. चेहरा, डोळे आणि हातांना मिळणारा सिम्पथेटिक पुरवठा छातीच्या वरच्या खंडांतून निघतो आणि मणक्यांच्या बाजूने जाणाऱ्या साखळीतून वर चढतो. शांतवणाऱ्या पॅरासिम्पथेटिक यंत्रणेचे उगम दोन टोकांना आहेत. वर मेंदूतून निघणाऱ्या तिसऱ्या, सातव्या, नवव्या आणि दहाव्या कपालतंतूंमधून आणि खाली त्रिकास्थीच्या, म्हणजे कंबरेखालच्या तिकोनी हाडाच्या, दुसऱ्या ते चौथ्या खंडांतून. दहावा कपालतंतू म्हणजे व्हेगस. हृदय, फुप्फुसं आणि बहुतेक पचनमार्गाला पॅरासिम्पथेटिक संदेश तोच पोचवतो. तो कवटीच्या तळाच्या छिद्रातून बाहेर येतो आणि गळ्यात रक्तवाहिन्यांच्या सोबतीने खाली उतरतो. मानेच्या कुठल्याही दोन मणक्यांच्या फटीतून तो जात नाही. त्यामुळे "मानेचा पहिला मणका सरकल्याने व्हेगस दबलाय" हे वाक्य ऐकलं की बोलणाऱ्याने मान कधी उघडून पाहिली नसावी, असं वाटतं.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मज्जारज्जू कण्यापेक्षा आखूड असतो. मोठ्या माणसात तो कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. त्यामुळे छातीच्या अकराव्या-बाराव्या मणक्याशी आत आधीच कंबरेचे खंड आलेले असतात. प्रत्येक मणक्यासमोर एकेक अवयव लिहिलेला भिंतीवरचा रंगीत तक्ता ही तफावत सहसा विचारात घेत नाही. शिवाय एका अवयवाला अनेक खंडांतून पुरवठा होतो आणि एक खंड अनेक अवयवांना पुरवठा करतो. अमुक मणका म्हणजे जठर, तमुक मणका म्हणजे मूत्रपिंड, असं घरपत्त्यासारखं नातं तिथे नसतं.

"नस दबली" हा शब्दप्रयोगही तपासायला हवा. मणक्यांच्या फटीत मज्जामूळ खरोखर दबलं तर दुखणं, मुंग्या, बधिरता, स्नायूंचा अशक्तपणा ही लक्षणं दिसतात. अवयव हळूहळू आजारी पडत गेला, असं चित्र दिसत नाही. प्रत्यारोपणात हृदयाचे सगळे मज्जातंतू कापले जातात. तरी ते हृदय धडधडत राहतं. व्हेगसचा लगाम सुटल्यामुळे विश्रांतीतही ठोके बहुधा मिनिटाला ९० ते ११० पडतात, पण माणूस चालतो-फिरतो. प्रत्यारोपण केलेलं मूत्रपिंडही मज्जातंतूंशिवाय मूत्र तयार करतं. मज्जापुरवठा पूर्ण तुटूनही जे अवयव काम करतात, ते एका मणक्याच्या किंचित तिरकेपणाने रोगट होतात, हे मानायला फारच भक्कम पुरावा लागेल.

या कल्पनेचा जन्मही अशाच एका न जुळणाऱ्या रचनेतून झाला. १८९५ मध्ये अमेरिकेतील डेव्हनपोर्ट या गावी डॅनियल डेव्हिड पामर यांनी हार्वी लिलार्ड नावाच्या, ऐकू न येणाऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका 'बसवला' आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असं सांगितलं जातं. कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने मणके 'बसवण्याच्या' उपचारपद्धतीची सुरुवात तिथून मानतात. ऐकण्याचा मज्जातंतू म्हणजे आठवा कपालतंतू कवटीच्या आतच असतो. तो पाठीच्या कण्यात उतरतच नाही.

आता प्रयोगांकडे वळू. १९८४ मध्ये सातो आणि स्वेन्सन यांनी भूल दिलेल्या उंदरांच्या मणक्यांवर बाजूने यांत्रिक बल लावून पाहिलं. रक्तदाब खाली आला आणि मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या सिम्पथेटिक तंतूंची हालचाल मंदावली. कण्यातल्या ऊतींकडून निघालेला संदेश अवयवांकडे जाणाऱ्या तंतूंपर्यंत पोचू शकतो, हे यातून नीट सिद्ध झालं. दाव्यांच्या बाजूने हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो मान्य करायलाच हवा. पण इथे उंदीर बेशुद्ध आहे. त्याला अपेक्षा नाही, भीती नाही, आपल्याला कोण हात लावतंय याची जाणीव नाही. कणा शस्त्रक्रियेने उघडा केलेला आहे. शिवाय परिणाम दिसतो तो बल लावलेलं असताना आणि नंतर थोडा वेळ. महिनाभर टिकणाऱ्या उपचाराशी याचा संबंध जोडणं म्हणजे फार लांबची उडी.

शुद्धीत असलेल्या माणसांवरचं सर्वांत शिस्तशीर काम १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या व्हिसेन्झिनो, राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. त्यांनी झटका वापरला नाही. मोबिलायझेशन वापरलं, म्हणजे सांध्याला लयीत, पुन्हापुन्हा, हालचालीच्या शेवटापर्यंत नेणारा दाब. ठरलेली मात्रा साधारण अशी: मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्याशी मेटलंडच्या (दाब किती खोल द्यायचा हे ठरवणाऱ्या मोजपट्टीतल्या) तिसऱ्या श्रेणीचा दाब, सेकंदाला दोन वेळा, एक मिनिटभर, मग एक मिनिट विश्रांती, असं तीनदा. मोजमाप तळहाताच्या त्वचेची विद्युतवाहकता आणि तापमान यांचं. वाहकता वाढली. वेगाला महत्त्व आहे हेही दिसलं: सेकंदाला दोनदा दाब दिला तर फरक ठळक पडतो, दोन सेकंदांना एकदा दिला तर नकली, म्हणजे तुलनेसाठी केलेल्या दिखाऊ उपचारापेक्षा वेगळं काही दिसत नाही. मानेच्या एका बाजूकडे सरकवण्याच्या तंत्राने हृदयाचा वेग, रक्तदाब आणि श्वासाचा वेगही वाढला. त्याच वेळी कोपराच्या दुखऱ्या जागेवर दाब सहन करण्याची क्षमता सुधारली.

त्वचेची वाहकता वाढणं म्हणजे घामाच्या ग्रंथी कार्यरत होणं. तळहाताच्या घामग्रंथींना फक्त सिम्पथेटिक तंतू असतात, पॅरासिम्पथेटिक नसतात. त्यामुळे ही नोंद एकाच दिशेने वाचता येते: सिम्पथेटिक यंत्रणा चेतवली गेली. शांत झाली नाही, चेतवली गेली. उपचारकेंद्राच्या भिंतीवर "व्हेगस जागृती, खोल शांतता" लिहिलेलं असतं आणि शास्त्राची सर्वांत पक्की नोंद सांगते की त्या मिनिटांत हृदय थोडं वेगाने धावत होतं आणि हाताला घाम येत होता. जाहिरात लिहिणाऱ्यांनी निदान दिशा तरी बरोबर धरायला हवी होती.

या चेतवण्याचा एक सुसंगत अर्थ लावता येतो. मध्यमेंदूत मेंदूतला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळीभोवती एक राखाडी पट्टा असतो. त्याच्या वरच्या भागाला चेतना दिली की प्राण्यांमध्ये वेदना कमी होते आणि त्याच वेळी रक्तदाब, हृदयाचा वेग वाढतो. मोबिलायझेशननंतर वेदना कमी होणं आणि सिम्पथेटिक चेतवणं एकत्र दिसत असेल, तर दोन्ही याच केंद्राच्या वाटेने येत असतील. असं असेल तर घामाची नोंद ही वेदनाशमनाची सावली ठरते. सावली मोजून अंदाज बांधता येतो, सावली देऊन उपचार करता येत नाही.

झटक्याच्या बाबतीत चित्र आणखी फिकट आहे. २०१९ मध्ये एक पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला. त्यात फक्त अशाच चाचण्या घेतल्या होत्या ज्यांत रुग्णांची वाटणी यदृच्छेने केली होती आणि तुलना नकली उपचाराशी होती. निष्कर्ष असा: काही प्रकारच्या मोबिलायझेशनने त्वचेतली सिम्पथेटिक हालचाल लगेच आणि थोड्या काळापुरती बहुधा वाढते, मणक्यांच्या झटक्याने मात्र अभ्यासलेल्या खुणांवर काही परिणाम होत नसावा. पुरावा फार खात्रीचा नाही, हेही त्यांनी सांगितलं. म्हणजे 'कट्' आवाज ज्या तंत्राचा, त्याच तंत्राकडे स्वायत्त परिणामाचा पुरावा सर्वांत कमी.

मग पडद्यावरचा तो हिरवा आलेख येतो कुठून? तो बहुधा हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतराच्या बदलाचा असतो, ज्याला हार्ट रेट व्हेरिएबिलिटी म्हणतात. दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी काही मिलिसेकंदांनी कमी-जास्त होतं. या चढउतारांची वारंवारतेनुसार फोड करतात: ०.०४ ते ०.१५ हर्ट्झ हा मंद पट्टा, ०.१५ ते ०.४० हर्ट्झ हा वेगवान पट्टा. १९९६ मध्ये युरोपातील आणि उत्तर अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून याचे मोजमापाचे नियम ठरवले. छोट्या नोंदीसाठी ५ मिनिटं हे प्रमाण तिथूनच आलं. वेगवान पट्टा मुख्यतः श्वासाबरोबर व्हेगसमार्फत होणारे बदल दाखवतो. मंद पट्टा म्हणजे निव्वळ सिम्पथेटिक, ही समजूत आता टिकत नाही. त्यात रक्तदाबाचं प्रतिक्षेपी नियंत्रण आणि व्हेगस दोन्ही मिसळलेले असतात. तरी अॅप मंद भागिले वेगवान असा भागाकार करून "संतुलन" छापतं.

सर्वांत मोठी गफलत श्वासाची. एक हिशेब करून पाहा. उपचाराआधी रुग्ण थोडा धास्तावलेला आहे, मिनिटाला १५ श्वास घेतो. १५ भागिले ६० म्हणजे ०.२५ हर्ट्झ, श्वासाची लाट वेगवान पट्ट्याच्या मध्यावर बसते. उपचारानंतर तो सैलावला, मिनिटाला १० श्वास झाले, म्हणजे ०.१७ हर्ट्झ. अजून त्याच पट्ट्यात आहे, पण संथ-खोल श्वासाने लाट उंच होते. आलेख म्हणतो, "व्हेगस वाढला." आता तोच रुग्ण आणखी सैलावला आणि ८ श्वासांवर आला, म्हणजे ०.१३ हर्ट्झ. आता सगळी लाट सीमा ओलांडून मंद पट्ट्यात पडते. आलेख म्हणतो, "सिम्पथेटिक ताण वाढला." माणूस जितका निवांत, तितका यंत्राच्या लेखी तणावग्रस्त. मिनिटाला ९ श्वास ही ती सीमारेषा. श्वासाची वेगळी नोंद नसेल तर दोन्ही आलेखांवर विश्वास ठेवता येत नाही, मग ते आपल्या मताच्या बाजूने असोत वा विरुद्ध.

श्वासाखेरीज बाकीचं. पालथं झोपल्यावर छाती-पोट दाबलं जातं आणि श्वासाची ढब बदलते. आधीची नोंद बसून आणि नंतरची पालथी किंवा उताणी घेतली तर दोन्हींत उपचाराशिवायही फरक येणार. भरलेलं मूत्राशय सिम्पथेटिक चेतवतं. चहा-कॉफी, तंबाखू, जेवण, आदल्या रात्रीची दारू आणि अपुरी झोप यांचा ठसा नोंदीवर उमटतो. बोलणं तर हमखास. ५ मिनिटांत एक जरी ठोका वेळेआधी पडला, आणि तो गाळला किंवा दुरुस्त केला नाही, तरी लागोपाठच्या ठोक्यांवर आधारलेला आकडा एकदम फुगतो. बोटावरच्या प्रकाश-सेन्सरने हात हलला तर असे खोटे ठोके सहज तयार होतात. आणि सगळ्यांत साधी गोष्ट: नवख्या जागी आलेला माणूस दहा मिनिटं नुसता पडून राहिला तरी त्याची नोंद बदलते. आधी-नंतरच्या आलेखात ही दहा मिनिटं उपचाराच्या खात्यात जमा होतात.

ज्यांना प्रामाणिकपणे मोजायचं आहे त्यांच्यासाठी कमीत कमी शिस्त एवढी. शक्यतो रोज त्याच वेळी मोजावं. आधीचे काही तास कॉफी, तंबाखू, जड जेवण नको. आदल्या दिवसभरात दमवणारा व्यायाम नको. लघवीला जाऊन यायला सांगावं. मग एकाच स्थितीत, समजा उताणं, १० मिनिटं काही न बोलता झोपू द्यावं आणि त्यानंतरच ५ मिनिटांची नोंद सुरू करावी. श्वासाचा पट्टा लावावा, नाहीतर निदान श्वास मोजून लिहावेत. छातीवरचे ईसीजी इलेक्ट्रोड वापरावेत. उपचार झाल्यावर पुन्हा त्याच स्थितीत आणावं, पुन्हा तेवढीच विश्रांती द्यावी, मग नोंद घ्यावी. आणि दुसऱ्या दिवशी, उपचार न करता, हाच सगळा क्रम जसाच्या तसा करावा. हा उपचाराविना केलेला दिवस म्हणजे खरी कसोटी. बहुतेक हिरवे आलेख त्या दिवशीही हिरवेच निघतील.

यालाच पूरक प्रश्न नकली उपचाराचा. हस्तोपचारात साखरेची गोळी नसते. नुसता हात ठेवला तरी तो स्पर्श आहे, आणि स्पर्श निष्क्रिय नसतो. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने हलकेच फिरणाऱ्या हाताला प्रतिसाद देणारे खास मज्जातंतू त्वचेत असतात. दुसऱ्या बाजूने, अचानक झटका आणि मोठा आवाज यांना शरीर दचकून प्रतिसाद देतं. जोरात टाळी वाजवली तरी तळहाताची वाहकता एक ते तीन सेकंदांत उसळते. त्यामुळे दोन उपचारांत फरक दिसला तरी तो मणक्याचा की दचकण्याचा, हे वेगळं काढावं लागतं. जिथे नकली उपचारात तेवढाच दाब, तेवढाच वेळ, तसाच आवाज आणि तशीच अपेक्षा ठेवलेली नाही, त्या चाचणीचा निकाल 'मणक्याचा परिणाम' म्हणून वाचू नये.

नेमक्या मणक्याचा आग्रह धरणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण. २००४ मध्ये रॉस आणि सहकाऱ्यांनी पाठीवर सेन्सर लावून झटक्यानंतरचा आवाज कुठून आला ते शोधलं. थेरपिस्टने ठरवलेल्या जागेपासून आवाजाची जागा कंबरेत सरासरी ५ सेंटिमीटरहून थोडी जास्त आणि छातीत साधारण ३.५ सेंटिमीटर दूर होती. म्हणजे निदान एक मणका वर किंवा खाली. बऱ्याच झटक्यांत एकाहून जास्त सांधे वाजले. आवाज स्वतः सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा; कुठलं हाड 'जागेवर बसल्याचा' नव्हे. पाठदुखीच्या दृष्टीने ही चूक फारशी बिघडवत नाही, कारण वेदना कमी होण्यासाठी एवढ्या नेमकेपणाची गरज दिसत नाही. पण "छातीचा सातवा मणका दाबला म्हणून स्वादुपिंड सुधारलं" हा दावा त्या ३.५ सेंटिमीटरमध्येच बुडतो.

शेवटी रुग्णाला हवा असतो आजारावरचा परिणाम. रक्तदाबाचं उदाहरण नेहमी पुढे केलं जातं. २००७ मध्ये ५० जणांच्या एका प्राथमिक चाचणीत मानेचा पहिला मणका 'सरळ' केल्यावर आठ आठवड्यांनी वरचा रक्तदाब सरासरी १७ मिलिमीटरने घटला. नकली उपचारात ३ ने. आकडा डोळे दिपवणारा आहे, आणि ती जाहिरात आजही फिरते. २०१६ मध्ये जवळपास तेवढ्याच आकाराच्या, मानेच्या वरच्या मणक्यांवरच्याच, नकली उपचाराशी तुलना केलेल्या दुसऱ्या प्राथमिक चाचणीत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. तंत्र तंतोतंत तेच नव्हतं हे खरं. पण पहिल्या चाचणीतली घट मोठी दिसली आणि पुढच्या चाचणीत ती विरली, तर जबाबदारी दावा करणाऱ्याची की त्याने तिसरी, मोठी चाचणी करावी. पत्रक छापून ती जबाबदारी संपत नाही.

दम्याच्या मुलांवर १९९८ मध्ये कॅनडात चार महिन्यांची चाचणी झाली. खरा आणि नकली, दोन्ही गटांत मुलांना बरं वाटलं, लक्षणं कमी झाली. दोन गटांत फरक नव्हता. 'बरं वाटलं' हे खरं आणि 'मणक्यामुळे वाटलं' हे खोटं, असं दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हे समजायला ही चाचणी उत्तम. पोटदुखीने रडणाऱ्या ८६ तान्ह्या बाळांवर नॉर्वेत झालेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उपचाराच्या गटात सुमारे ७० टक्के बाळांचं रडणं काही प्रमाणात कमी झालं आणि नुसतं परिचारिकेने धरून ठेवलेल्या बाळांत ६० टक्के. आकडेवारीच्या दृष्टीने हा फरक मोजण्याजोगा नाही. असं रडणं बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की बहुधा आपोआप थांबतं. जो आजार स्वतःच जातो, त्याच्यावर प्रत्येक उपचार यशस्वी होतो.

"पण अपाय तर काही होत नाही ना?" हा प्रतिवाद नेहमी येतो. होतो. गोळ्या बंद केलेला रक्तदाबाचा रुग्ण आणि पंप बाजूला ठेवलेलं दम्याचं मूल हे त्याचे दोन चेहरे. उभं राहिल्यावर दहा मिनिटांत हृदयाचा वेग ३० ठोक्यांनी किंवा त्याहून जास्त वाढणाऱ्या, सतत चक्कर येणाऱ्या तरुण रुग्णांना "मानेतून व्हेगस दुरुस्त करू" असं आमिष दाखवलं जातं. यांतल्या काहींचे सांधे मुळातच फार सैल असतात. नेमक्या त्यांच्याच मानेवर झटका देणं जोखमीचं.

गंमत अशी की स्वायत्त मज्जासंस्थेचं ज्ञान हस्तोपचारकाला खरोखर उपयोगी पडतं, फक्त जाहिरातीच्या जागी नाही. ते उपयोगी पडतं हात कधी लावू नये हे ओळखायला. मान नव्याने, वेगळ्याच प्रकारे दुखतेय, सोबत एका डोळ्याची पापणी किंचित खाली आणि त्याच डोळ्याची बाहुली लहान: ही हॉर्नर खूण आहे. मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य धमनीचं अस्तर फाटलं की तिच्या भिंतीवरून जाणारे सिम्पथेटिक तंतू बिघडतात आणि हे दिसतं. अंधुक खोलीत दोन्ही बाहुल्यांचा फरक जास्त उठून दिसतो, म्हणून दिवा मंद करून पाहावं. अशा मानेला हात न लावता तातडीने रुग्णालयात पाठवायचं. कंबरदुखीबरोबर लघवी अडणं, लघवी झाल्याची जाणीव न होणं, बसायच्या जागेची बधिरता, लैंगिक जाणिवेत अचानक बदल: त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या खंडांचे तंतू दबत आहेत. काही तासांचाही उशीर नको. हे प्रश्न तोंडी आणि स्पष्ट शब्दांत विचारावे लागतात, "लघवी-संडास ठीक ना?" एवढं विचारलं की लोक संकोचाने "हो" म्हणतात.

छातीच्या सहाव्या खंडाच्या पातळीला किंवा त्यावर मज्जारज्जूला इजा झालेला रुग्ण पालथा झोपवला आणि त्याच्या मूत्रनळीला पीळ पडला, तर मूत्राशय तुंबून रक्तदाब उसळू शकतो. अशा माणसाचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० असतो. त्यामुळे १४० हा इतरांना किरकोळ वाटणारा आकडा त्याच्यासाठी धोक्याचा. डोकं ठणकतं, इजेच्या वरच्या भागात घाम आणि लाली येते. लगेच बसवायचं, घट्ट कपडे सैल करायचे, नळी तपासायची. याच्या अगदी उलट, झटक्याआधी धास्तावलेला रुग्ण पांढरा पडला, जांभया देऊ लागला, तळहात घामेजले तर तो भोवळ येण्याच्या बेतात आहे. त्याला उठवून बसवणं ही नेहमीची चूक. आडवंच ठेवून पाय उंच करायचे. उपचार संपल्यावर प्रत्येकाला आधी कुशीवर, मग बसतं, मिनिटभराने उभं करावं. वयस्कर, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा रक्तदाब उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा २० किंवा खालचा १० मिलिमीटरने पडला तर त्यांना एकट्याने जाऊ देऊ नये आणि ती नोंद त्यांच्या डॉक्टरांपर्यंत पोचवावी.

नियमनाबाबत आमची मागणी फार मोठी नाही. मणक्यांवरच्या हस्तोपचाराच्या पत्रकात, पाटीवर, चित्रफितीत अवयवांच्या आजारांची नावं नसावीत. ठोक्यांच्या अंतराचा किंवा घामाचा आधी-नंतरचा आलेख रुग्णाला दाखवून उपचाराची पुढची सत्रं विकली जाऊ नयेत. संशोधनासाठी नोंद घ्यायची असेल तर वर सांगितलेली शिस्त आणि उपचाराविना दिवस सक्तीचा असावा. संमतिपत्रकात साध्या भाषेत तीन ओळी असाव्यात: हा उपचार दुखणं आणि हालचाल यांसाठी आहे, उपचारावेळी घाम, धडधड, हलकी भोवळ येऊ शकते आणि ती थोड्या वेळात जाते, चालू असलेली कुठलीही गोळी किंवा पंप ज्यांनी लिहून दिला त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नये.